देव्हाऱ्यातला घोडा, ताटातला घोडा

वाचकाचे पत्र, थोडक्यात : सोलापूरची २२ वर्षांची एक विद्यार्थिनी किर्गिझस्तानमधील बिश्केक येथे वैद्यकीय शिक्षणाच्या तिसऱ्या वर्षात आहे. तिच्या वर्गातील किर्गिझ मैत्रिणीच्या बहिणीचे लग्न पुढच्या महिन्यात नारिन भागातील त्यांच्या गावी आहे आणि तिला अगदी घरच्यासारखे बोलावणे आहे. अशा समारंभात घोड्याचे मांस असते आणि पाहुण्यांच्या मानाचा वाटा वेगळा काढला जातो. विद्यार्थिनीच्या घरी मटण-मासे चालतात. पण कुलदैवत बाळे येथील खंडोबा आहे आणि देव्हाऱ्यातील टाकावर देव घोड्यावर बसलेला आहे. वडिलांनी फोनवर "एक दिवस उपाशी राहा, पण घोडा खाऊ नकोस," असे बजावले आहे. खोलीतल्या मुली म्हणतात की बोकड खाणारीने घोड्याला नाही म्हणणे हे ढोंग आहे. आजवर आपण कोणकोणती मांसे चाखली याची त्यांनी यादीच केली आहे. विद्यार्थिनीला कुतूहल आहे आणि त्या कुतूहलाची लाजही वाटते. "खाल्ले आणि घरी सांगितलेच नाही तर?" हा तिचा शेवटचा प्रश्न आहे.

प्रिय वाचक मैत्रीण,

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. त्यातील बहुतेक वाक्ये दुसऱ्यांची आहेत : वडील काय म्हणाले, खोलीतल्या मुली काय म्हणाल्या, मैत्रिणीच्या आईला काय वाटेल. तुमचे स्वतःचे म्हणावे असे एकच वाक्य मला सापडले. दिवाळीत देव उजळताना टाकावरील देवाचे नाक-डोळे आता बोटाला लागत नाहीत, घोड्याची पाठ मात्र लागते आणि अंगठा तिच्यावरून आपोआप फिरतो, असे तुम्ही लिहिले आहे. त्या वाक्याकडे मी परत येणार आहे. त्याआधी तुमच्या पत्रातील दोन-तीन गृहीतके तपासून पाहू, कारण परदेशी शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलामुलींची आणि त्यांच्या आईवडिलांची अशी पत्रे मला वरचेवर येतात. कोणाचा प्रश्न घोड्याचा असतो, कोणाचा गोमांसाचा, कोणाचा डुकराचा, पण गृहीतके जवळजवळ तीच असतात.

पहिले गृहीतक 'विचित्र' या शब्दात आहे. तुम्ही घोड्याच्या मांसाला चार ठिकाणी 'विचित्र मांस' म्हटले आहे. मी सोलापुरातच वाढले. रविवारी सकाळी खाटकाच्या दुकानापुढे लागलेली रांग, डबा पुढे करून वजडी नीट साफ करून मागणाऱ्या बायका आणि शेजारी मुंडी-पाय भाजताना सुटणारा जळक्या केसांचा वास माझ्या लहानपणाचा भाग आहे. आमच्या घरी रक्ती होत असे. मीठ घातलेले रक्त आजी उकळत्या पाण्यात घट्ट करी, खरवसासारख्या थरथरणाऱ्या त्या गोळ्याच्या सुरीने वड्या पाडी, कांदा आणि काळ्या तिखटावर त्या परती आणि आम्ही मुले कडक भाकरीचे तुकडे हातात घेऊन चुलीभोवती वाट पाहत बसत असू. आईची एक शाकाहारी मैत्रीण पुण्याहून आली होती, ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरूनच परत फिरली आणि ओसरीवर डोके धरून बसली. आजी पुढे कित्येक दिवस विचारत राहिली, "तिला काय झालं गं? आपलं काही चुकलं का?" त्या दोघींपैकी विचित्र कोण होते, हे मला आजही सांगता येणार नाही. आपल्याच शहरात पूर्व भागातील तेलुगू भाषक घरांत बोटी हौसेने शिजते आणि दोन गल्ल्या पलीकडे लिंगायत घरांत अंडेसुद्धा आणले जात नाही. हे सगळे लोक एकाच गड्ड्याच्या यात्रेत शेजारी शेजारी उभे असतात.

नारिनच्या त्या घरी पोहोचाल तेव्हा पाहा, मेंढीचे डोके शिजवण्यापूर्वी ते आगीवर धरून केस जाळतात आणि मग खरवडून धुतात. तो वास तुम्हाला ओळखीचा वाटेल. लग्नाच्या जेवणातील मुख्य पदार्थ 'बेशबर्माक' म्हणजे शब्दशः 'पाच बोटे'. उकडलेले मांस बारीक चिरून कणकेच्या पातळ पट्ट्यांत मिसळतात आणि पूर्वापार ते हातानेच खातात, म्हणून हे नाव पडले आहे.

दुसरे गृहीतक असे दिसते की जे लोक घोडा खातात त्यांना घोड्याविषयी माया नसणार. याच्या इतके चुकीचे दुसरे काही नाही. 'आत – आदामदिन कानाती', घोडा हे माणसाचे पंख आहेत, ही किर्गिझ लोकांची म्हण आहे. कझाकस्तानच्या उत्तरेला बोताई येथे इ. स. पूर्व ३५०० च्या सुमाराच्या वस्तीत घोड्यांच्या हाडांचे प्रचंड ढीग सापडले. तिथल्या लोकांचा आहार मुख्यतः घोड्यावरच होता आणि ते घोडीचे दूधही वापरत होते, असे पुरावे मिळाले आहेत. ज्या गवताळ, थंड प्रदेशात शेती फारशी पिकत नाही, तिथे बर्फाखालचे गवत खुराने उकरून खाणारा घोडा हाच सोबती, हीच संपत्ती आणि हेच अन्न झाले. आपल्याकडचा धनगर मेंढीच्या कोकराला थंडीत घोंगडीत घेऊन झोपतो आणि तीच मेंढी विकतोही. त्याला माया नाही असे आपण म्हणत नाही.

घोडा खावा की खाऊ नये, याविषयी जगाने एकसारखा निर्णय कधीच दिलेला नाही. इ. स. ७३२ मध्ये पोप तिसरे ग्रेगरी यांनी जर्मन प्रदेशात काम करणाऱ्या बोनिफेस यांना पत्र लिहून घोड्याचे मांस खाण्याची चाल बंद करण्यास सांगितले, कारण ती जुन्या धर्मातील यज्ञबळींशी जोडलेली होती. फ्रान्समध्ये १८६६ साली त्याच्या विक्रीला कायद्याने परवानगी मिळाली आणि १८७०-७१ च्या वेढ्यात उपासमार झालेल्या पॅरिसकरांनी घोडे तर खाल्लेच, पण प्राणिसंग्रहालयातील हत्तीही खाल्ले. जपानमध्ये कुमामोतो येथे घोड्याच्या मांसाचे कच्चे, पातळ काप मानाने वाढले जातात. इंग्लंडमध्ये मात्र त्याची कल्पनाही नकोशी वाटते. आणि आपल्याकडे ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६२ वे सूक्त यज्ञातील घोडा शिजवण्याचे वर्णन करते. (हा शेवटचा दाखला वडिलांना फोनवर ऐकवू नका. त्यांनी तुमच्याशी वाद घातलेला नाही. त्यांना भीती वाटली, एवढेच.)

आता ढोंगाच्या आरोपाकडे वळते, कारण तो तुम्हाला सर्वांत जास्त लागलेला दिसतो. बोकड चालतो मग घोडा का नाही, हा प्रश्न तर्काचा वाटतो, परंतु खाण्यापिण्याच्या मर्यादा कोणत्याच घरात तर्काने आखलेल्या नसतात. खंडोबाची दुसरी पत्नी बाणाई धनगराची लेक. तिच्या मेंढ्यांचा कळप देवाच्या कथेत घोड्याइतकाच मोठा आहे, तरी मेंढीचे मटण खाताना आपल्याला काही वाटत नाही. पॉल रोझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी किळस या भावनेचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांच्या एका प्रयोगात मेलेले झुरळ पूर्णपणे निर्जंतुक करून फळांच्या रसात बुडवून काढले. त्यात अपाय काहीही नाही हे माहीत असूनही लोकांना तो रस नकोसा झाला. किळस समजावणीने जात नाही, आणि ती आहे म्हणून समोरचा अन्नपदार्थ वाईटही ठरत नाही. तुमच्या मैत्रिणींनाही कुठेतरी थांबावेसे वाटतेच. कुत्रा वाढला तर काय कराल, असे त्यांना विचारून पाहा. दक्षिण कोरियात कुत्र्याचे मांस शतकानुशतके खाल्ले जात होते. तिथल्या संसदेने जानेवारी २०२४ मध्ये त्यावर बंदीचा कायदा केला आणि शिक्षेची तरतूद २०२७ पासून लागू होईल असे ठरवले. नागालँड सरकारने जुलै २०२० मध्ये कुत्र्याच्या मांसाच्या विक्रीवर बंदी घातली, तर जून २०२३ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाच्या कोहिमा खंडपीठाने ती रद्द केली. मर्यादा अशा हलत राहतात. ज्याच्या त्याच्या मर्यादेला ढोंग म्हणता येत नाही. एखादा लपून खातो आणि चारचौघांत खाणाऱ्यांना नावे ठेवतो, त्याला मात्र मी ढोंगच म्हणेन.

म्हणूनच "घरी सांगितलेच नाही तर" या पर्यायाविषयी मला काळजी वाटते. २०१३ साली युरोपात गोमांस म्हणून विकलेल्या तयार पदार्थांत घोड्याचे मांस सापडले, तेव्हा जिथे घोडा उघडपणे खाल्ला जातो त्या फ्रान्समध्येही लोक संतापले होते. त्यांचा राग घोड्यावर नव्हता, पाकिटावर एक लिहून आत दुसरे घालण्यावर होता. तुम्ही खाल्ले आणि लपवले, तर पुढच्या चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य मांडताना, तळी उचलताना, वडिलांच्या शेजारी उभे राहून तुम्हाला त्या एका घासाचीच आठवण येत राहील. तुमचा स्वभाव पत्रातून जेवढा कळला, तेवढ्यावरून हे मी खात्रीने लिहिते आहे.

कुतूहलाची लाज मात्र अजिबात बाळगू नका. ज्या देशात सहा वर्षे राहायचे, त्या देशाचे लोक काय जेवतात हे जाणून घ्यावेसे वाटणे चांगल्या डॉक्टरचेच लक्षण आहे. मला खटकते ती यादी. कुतूहलाने खाणारा माणूस चुलीपाशी बसतो, हे कसे केले, कधी करता, असे विचारतो. यादीसाठी खाणारा फोटो काढून पुढच्या पदार्थाकडे वळतो. बँकॉकच्या पर्यटकांच्या रस्त्यावर काडीला टोचलेला विंचू आपले सोलापूरकरही विकत घेतात. थायलंडच्या ईशान्य भागात लोक किडे खरोखर आवडीने जेवतात, पण तो विंचू मुख्यतः फोटोसाठी तळलेला असतो. (कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनी किडे चाखूच नयेत, दोन्हींत सारखी प्रथिने असल्याने तीच ॲलर्जी उठू शकते.)

यादीचा मोह वाढला की माणूस रानातल्या प्राण्यांकडे वळतो, आणि तिथे मी कोणाच्याही संस्कृतीचा दाखला ऐकून घेणार नाही. आपल्या शहराजवळ नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. हा पक्षी एकेकाळी माळामाळावर होता. गोळी घालून त्याचे मांस खाणाऱ्यांनी, आणि नंतर त्याचा माळ संपवणाऱ्यांनी, त्याची अशी गत केली की आज तिथे तो दिसणे हीच बातमी ठरते. खवले मांजराचे मांस प्रतिष्ठेचे समजणाऱ्यांमुळे तो प्राणी जगभर इतका मारला गेला की २०१६ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर संपूर्ण बंदी घालण्याचा निर्णय झाला. बेडकांचे उदाहरण आपल्या शेतकऱ्यांना जवळचे वाटेल : परदेशातील हॉटेलांसाठी भारतातून बेडकांचे पाय मोठ्या प्रमाणावर जात होते; किडे खाणारे बेडूकच कमी होऊ लागल्याची ओरड झाली आणि १९८७ मध्ये ती निर्यात बंद करण्यात आली. शेतावरच्या पार्टीत रानससा, तितर किंवा घोरपड खाल्ल्याची फुशारकी मारणारे आजही भेटतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि अशा ताटावरून उठून जाण्यात कोणाचाही अपमान नाही.

तुम्ही आहात त्या देशात हा प्रश्न जिवाशीही येऊ शकतो. ऑगस्ट २०१३ मध्ये इसिक-कूल भागातील १५ वर्षांचा एक मुलगा प्लेगने मरण पावला, आणि त्याचा संबंध डोंगरात मिळणाऱ्या मार्मोट या मोठ्या खारीसारख्या प्राण्याशी जोडला गेला. गावात कोणी हौसेने मार्मोट भाजून दिला तर तो चाखू नका, त्याचे कातडे सोलायलाही हात लावू नका. पाळलेल्या घोड्याचे नीट उकडलेले मांस ही निराळी गोष्ट आहे. तरीही कच्चे किंवा अर्धेकच्चे मांस टाळावेच. फ्रान्स आणि इटलीत १९७५ नंतर घोड्याच्या कच्च्या मांसातून ट्रिकिनेला या जंतांच्या साथी अनेकदा आल्या आहेत. हे तुम्ही अभ्यासक्रमात शिकालच, पण लग्नाच्या गडबडीत अभ्यास आठवत नाही.

आता माझे मत. या लग्नात तुम्ही घोडा खाऊ नये, असे मला वाटते. तो खाण्यात पाप आहे म्हणून नव्हे, आणि वडिलांनी बजावले म्हणूनही नव्हे. तुम्ही देवाला घाबरता असे पत्रात कुठेही दिसत नाही. दिसते ते एवढेच की त्या घोड्याच्या पाठीवर तुमचा अंगठा लहानपणापासून फिरला आहे, आणि ज्या जनावराविषयी हाताला अशी ओळख आहे ते ताटात आल्यावर घास गिळताना तुम्हाला स्वतःशी जोर करावा लागेल. मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नात, तिच्या आईच्या डोळ्यांसमोर, तोंड वाकडे न करता तो जोर निभावेलच याची खात्री कोणी द्यावी? पुढे दोन वर्षांनी तुमचे मन बदलले, तर खा, आणि खाल्ल्यावर आठवड्याभरात घरी सांगा. आजचा नकार जन्मभराचा आहे असे समजण्याचे कारण नाही.

मात्र नकार ताटावर देऊ नका. ज्या घरात पाहुण्यासाठी जनावर कापले जाते, त्या घरी वाढून झाल्यावर आलेला नकार तोंडावर मारल्यासारखा लागतो. आजच मैत्रिणीला गाठा आणि साधेपणाने सांगा, की आमच्या घरचा देव घोड्यावर बसतो, आम्ही त्या घोड्याचीही पूजा करतो, म्हणून मी घोडा खात नाही. मेंढी मी आवडीने खाते. 'मला जमत नाही', 'मला कसेसे होते' असे म्हणू नका. जे लोक घोड्याला माणसाचे पंख म्हणतात त्यांना घोड्याचा मान राखणारे कारण जेवढे पटकन समजेल तेवढे दुसऱ्या कोणाला समजणार नाही. लग्नघरी मेंढीही बहुधा कापली जातेच, आणि मैत्रीण आईला आधी सांगून तुमचा वाटा मेंढीचा काढून ठेवू शकेल. पाहुण्याच्या मानाप्रमाणे हाडासकट जो तुकडा वाटला जातो त्याला 'उस्तुकान' म्हणतात. एवढे सांगूनही घोड्याचा तुकडा तुमच्यापुढे आलाच, तर दोन्ही हातांनी घ्या, आभार माना आणि बाजूला ठेवा. तिकडे आपला वाटा पिशवीत बांधून घरी न्यायची रीत आहे, त्याला 'केशिक' म्हणतात. तो वसतिगृहात नेऊन खाणाऱ्या मुलींना द्या. तुमच्या खोलीतल्या मुली खूश होतील. फेकू मात्र नका.

भाकरीला, म्हणजे त्यांच्या 'नान'ला, नाही म्हणू नका. घाईत असलेला पाहुणाही नानचा तुकडा मोडून तोंडाला लावतो. 'ओझ तिय', तोंड लाव, असा आग्रह तुम्ही बिश्केकमध्ये ऐकला असेलच. जो पाहुणा नान खातो, चहाच्या वाट्यांवर वाट्या घेतो आणि म्हाताऱ्यांजवळ बसून घोड्यांच्या गोष्टी ऐकतो, त्याने काय खाल्ले नाही हे दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षात राहत नाही. जाताना घरून आलेली सोलापुरी चादर आणि शेंगांच्या चटणीची पुडी न्या. चटणीत तिखट किती आहे ते आधी सांगा.

तुमच्यासारख्या मुलांच्या आईवडिलांनाही दोन शब्द लिहिते म्हणता म्हणता राहून जाते, म्हणून इथेच लिहिते. "उपाशी राहा" हा सल्ला फोनवरून देणे सोपे आहे. परक्या गावी, डोंगरात, सात-आठ तासांच्या प्रवासानंतर तो पाळणाऱ्या मुलीचे काय होते याचा विचार करा. त्याऐवजी तिथे आणखी काय वाढतात, कोण कोण असते, मुक्काम कुठे आहे, असे विचारा. मूल मोकळेपणाने बोलू लागले की काय खाल्ले तेही सांगते. आणि एखाद्या मुलाने काही खाल्लेच असेल आणि स्वतः होऊन सांगितले, तर त्याला देवघरापासून दूर ठेवू नका. त्याने खरे सांगितले, याची आधी दखल घ्या.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती दारातच समोर येईल. तिकडे उन्हाळ्यात पाहुण्याला 'किमिझ' देतात, म्हणजे घोडीचे आंबवलेले दूध. ते आंबट असते, त्यात थोडे मद्यार्क असते आणि ते तापवलेले नसते; किर्गिझस्तानात ब्रुसेलोसिस हा जनावरांच्या कच्च्या दुधातून माणसाला होणारा आजार अजून आढळतो, हे लक्षात ठेवून मी असते तर ओठ लावून वाटी परत दिली असती. परंतु देवाच्या घोड्याच्या दृष्टीने दूध चालते की नाही, हे तुमच्या घरच्यांनीच ठरवायचे आहे. आज रात्री वडिलांना फोन कराल तेव्हा लग्नाला जाते आहे, घोडा खाणार नाही, हे सांगून झाले की दुधाचेही विचारून घ्या. त्याविषयी त्यांनी अजून काहीच म्हटलेले नाही.